मनोऱ्यावरचा भाऊ

आमच्या शेजारच्या शेटेमामांना 'नाही' हा शब्द ऐकू येत नाही. कान ठणठणीत आहेत. जिन्यात कोणी त्यांच्याबद्दल कुजबुजलं, तर ते वरच्या मजल्यावरून चुका दुरुस्त करून पाठवतात. पण 'नाही', 'बंद आहे', 'मिळणार नाही', 'चालणार नाही' असं काही कानावर पडलं, की मामा मान किंचित कलती करतात, डोक्यावरची पांढरी टोपी, जी मुळातच वाकडी असते, ती आणखी वाकडी होते, आणि अगदी शांतपणे विचारतात, "कोण म्हणतो?"

बँकेतली मुलगी म्हणाली, "काका, आज पासबुक भरून मिळणार नाही." मामा म्हणाले, "कोण म्हणतो?" तिने मशीनकडे बोट दाखवलं. मग मामा मशीनसमोर खुर्ची ओढून बसले आणि ते सुरू होईपर्यंत हलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "आता लोणचं बंद." मामांनी विचारलं, "कोण म्हणतो?" डॉक्टर बिचारे नवीन होते. ते म्हणाले, "मी म्हणतो." मामा म्हणाले, "मग तुम्ही खाऊ नका." आणि फी देऊन घरी आले.

लोक त्यांना विक्षिप्त म्हणतात. म्हणोत. शुक्रवार पेठेत, स्वारगेटच्या गोंगाटाला लागून ज्याने सगळं आयुष्य काढलं आणि जो विक्षिप्त झाला नाही, त्याच्यातच काही खोट असावी असं माझं मत आहे. माझ्या बायकोचं मत असं की मी मामांची बाजू घेतो कारण मीही त्याच वळणावर चाललो आहे. असेन. त्या वळणावर गर्दी तरी कमी आहे.

मामांचं बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालचं खबदाड. तिथे बसून त्यांनी उभा जन्म गिऱ्हाइकांना 'नाही' म्हणण्यात घालवला. "हा व्हॉल्व्ह आहे का?" "नाही." "कधी येईल?" "येणार नाही." "दुसरीकडे मिळेल?" "तुमचं नशीब." इतके नकार वाटले की बहुतेक साठाच संपला असावा, कारण दुकान विकून घरी बसल्यापासून त्यांनी दुसऱ्याचा नकार घेणंही बंद केलं.

मामांनी लग्न केलं नाही. त्यांची थोरली बहीण, अक्का, ऐन तारुण्यात नवरा गमावून लहानग्या सतीशला घेऊन भावाकडे आली आणि राहिली. सतीश त्यांना मामा म्हणायचा, म्हणून साऱ्या इमारतीचे ते मामा झाले. अक्काही तशीच, भावाच्या वरचढ. ती दोघं भांडायची तेव्हा आम्ही टीव्ही बंद करायचो. "बाळ, तुला काही कळत नाही," असं अक्का सत्तरी ओलांडलेल्या भावाला ठणकावून सांगायची आणि मामा तिला विचारायचे, "कोण म्हणतो?" त्यावर अक्का म्हणायची, "तुझी थोरली बहीण म्हणते. जेवायला बस."

मग अक्का न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. सतीश तोपर्यंत मोठ्या कंपनीत मोठा झाला होता. हडपसरच्या पुढे मांजरीला त्याने सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. दवाखान्यातून आईला तिकडे नेताना तो तिचे कपडे घ्यायला इमारतीपाशी थांबला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, अक्काला जिना शक्य नाही, सगळं खरं होतं. पण मामा खाली पार्किंगमध्ये गाडीच्या दाराला हात लावून उभे राहिले.

"अक्का कुठेही जाणार नाही. मी सांभाळीन तिला."

सतीश चांगला मुलगा आहे. पण त्या दिवशी तो रात्रभर दवाखान्यात जागलेला होता आणि तोंडातून निघून गेलं, "मामा, तुम्हाला स्वतःचा चहा करता येत नाही. तुम्ही काय सांभाळणार?"

आम्ही सगळे तिथेच होतो. मामांचा हात गाडीच्या दारावरून खाली आला. टोपी सरळ करून ते म्हणाले, "तुझ्या घराचा उंबरा ओलांडला तर नावाचा शेटे नाही." आणि जिना चढून वर निघून गेले. गाडीत मागच्या सीटवर आडवी झालेली अक्का त्यांना हाका मारत होती. तेवढ्या हाका मात्र त्यांना खरोखरच ऐकू आल्या नसाव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. दारात मामा, हातात कप. म्हणाले, "प्या. आणि खरं सांगा."

मी प्यायलो. गरम पाणी होतं. "मामा, पावडर टाकायची राहिली का?"

"कोण म्हणतो?" असं म्हणून त्यांनी स्वतः घोट घेतला आणि कप घेऊन परत गेले.

तेव्हापासून आमच्या इमारतीवर चहाचं सावट पडलं. कधी काळाकुट्ट काढा, कधी नुसतं दूध, कधी साखरेच्या जागी मीठ. लोक मामांच्या दारावरून जाताना चपला हातात घेऊ लागले. तरी मामा गाठायचेच. पोस्टमन, पेपरवाला, गॅस सिलिंडर आणणारा, कोणी सुटला नाही. कप रिकामा झाला की ठरलेला प्रश्न यायचा, "आता सांगा. मला चहा येतो की नाही?" पाहुणे हो म्हणायचे, कारण त्यांना जायचं असायचं. मामांना ते हो पटायचं नाही. एवढ्या जुन्या दुकानदाराला खोटा माल लगेच कळतो.

अक्काशी बोलणं मात्र सुटलं नव्हतं. रोज संध्याकाळी फोन, तोही स्पीकरवर, म्हणजे आम्हालाही. आणि दर भाऊबीजेला तीच रड.

भाऊ जवळ नसला की बहीण चंद्राला ओवाळते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. अक्का मांजरीच्या गॅलरीत बसून चंद्राला ओवाळायची आणि मग भावाला फोन करून टोमणे मारायची. "चंद्र बरा बाई. नखरे नाहीत. बोलावलं नाही तरी येतो." मामा फोन ठेवून द्यायचे. मग दुसऱ्या दिवशी दिवसभर कोणाशी धड बोलायचे नाहीत.

यंदा गणपती उठले आणि एका संध्याकाळी अक्का फोनवर म्हणाली, "समोर बागेत कसला तो मनोरा बांधलाय, शहर बघायचा. माणसं वर जाऊन उभी राहतात, इथून दिसतात एवढी एवढीशी. चंद्र बरोबर त्याच्याच मागे मावळतो."

"गॅलरीतून सरळ दिसतो?" मामांनी विचारलं.

"सरळ समोर. का रे?"

"यंदा चंद्राबरोबर मलाही ओवाळ. मी मनोऱ्यावर येतो."

अक्का म्हणाली, "ये. पुढच्या वर्षी मी असेन नसेन."

"कोण म्हणतो?" मामा ओरडले. एवढ्या मोठ्याने हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता.

मी त्यांना समजवायला गेलो. म्हटलं, "मामा, मनोऱ्यापर्यंत जायचं, मग तिथून पुढे त्यांचं घर रिक्षाने पाच मिनिटांवर. सरळ घरीच जा ना."

"शब्द दिलाय."

"सतीशला? तो कधीच विसरला असेल."

"स्वतःला दिलाय. दुसऱ्याला दिला असता तर मोडला असता."

मी चहा प्यायलो. त्या दिवशी वेलदोडा जरा बरा पडला होता.

मग मोहिमेची आखणी सुरू झाली. लोक शहर बघायला मनोऱ्यावर जातात, तिकीट काढतात, फोटो काढतात, खाली येऊन भेळ खातात. मामांनी मात्र सिंहगड घ्यायचा असल्यासारखा नकाशा काढला. मला बरोबर घेऊन बसने पाहणीला गेले. पहिल्यांदा गेलो तो नेमका साप्ताहिक सुट्टीचा दिवस निघाला. फाटकाला कुलूप होतं. मामा कुलपालाच विचारत होते, "कोण म्हणतो?" मी त्यांना ओढून आणलं. हडपसरच्या वाहतुकीत परतीचा प्रवास इतका रेंगाळला की मामांनी बसच्या कंडक्टरला थर्मासमधला चहा पाजला आणि त्याचाही अभिप्राय घेतला.

दुसऱ्या खेपेला वर पोचलो. पूर्वेला उसाचे उरलेसुरले फड आणि त्यांच्यात उगवलेल्या इमारती दिसत होत्या. मामांनी दुकानातली जुनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि सातव्या मजल्यावरची ती गॅलरी शोधून काढली. दोरीवर अक्काचं हिरवं लुगडं वाळत होतं. मामा ते लुगडं फार वेळ बघत राहिले. मागे रांगेतल्या मुलांनी "आजोबा, आम्हाला द्या ना," असा गलका केला तरी हलले नाहीत.

अडचण वेगळीच निघाली. चंद्र दिसणार सूर्य बुडाल्यावर आणि मनोरा बंद होणार सहाला. शिवाय वर पिशवी न्यायला मनाई. मामांना तर पिशवी हवीच होती. खाली खुर्चीवर बसलेल्या रखवालदार बाईंशी त्यांनी तिथेच वाद घातला.

"सा वाजता बंद हाय, बाबा. मंग कुनालाच ऱ्हाता येत न्हाई."

"कोण म्हणतो?"

"म्या म्हन्ते," बाई म्हणाल्या. शिट्टी त्यांच्याकडे होती.

मला वाटलं, मोहीम संपली. पण मामा त्यांच्या शेजारच्या कठड्यावर टेकले आणि सगळं सांगत बसले. अक्काचं पडणं, सातवा मजला, चंद्र, टोमणे. चहाचं तेवढं सांगितलं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "भाऊबिजंला माजीच ड्यूटी हाय. माजा भाऊ येनार न् मी हितं. सा म्हंजी साच. पर शिट्टी वाजवत जिन्यानं वरपातुर यायला मला लई टाइम लागतो. गुडगं दुखत्यात."

"आणि पिशवी?" मामांनी विचारलं.

"त्ये त्या दिशी बगू."

भाऊबीजेच्या दिवशी मामा दुपारीच तयार होऊन आमच्या दारात उभे. कडक इस्त्रीचा सदरा, नवी टोपी, तीही वाकडी. हातात पिशवी, तिच्यात दुकानातली मोठी बॅटरी, दुर्बीण आणि थर्मास. माझ्या बहिणीने मला सकाळीच ओवाळून घेतलं होतं, त्यामुळे नकार द्यायला मला काही कारण उरलं नव्हतं. खरं तर द्यायचाही नव्हता.

फाटकावर बाईंनी पिशवीत हात घातला आणि थर्मास बाहेर काढला. "च्या वर चालत न्हाई."

"वर प्यायचा नाहीच आहे," मामा म्हणाले.

"मंग आनलाय कशापाई?"

मामा पिशवीचे बंद हातावर गुंडाळत उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि थर्मास परत ठेवून दिला. मलाही प्रश्न पडला होता, पण मी तो विचारला नाही.

सूर्य बुडाला. इतर माणसं खाली गेली. बाईंची शिट्टी खालून वाजायला लागली आणि वाजतच राहिली, जवळ मात्र येईना. पश्चिमेला कोर उगवली, म्हणजे दिसायला लागली, नखाएवढी. मामांनी पूर्वेच्या कठड्याशी उभं राहून बॅटरी पेटवली आणि हात उंच करून धरली. बॅटरी जड होती. मी म्हटलं, "मी धरू का?" तर म्हणाले, "भाऊ तुम्ही की मी?"

समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत एक बारीकशी ज्योत दिसली आणि विझली. पुन्हा लागली, पुन्हा विझली.

"वारा आहे तिकडे," मामा म्हणाले. "सातव्या मजल्यावर निरांजन टिकतं होय? सांगत होतो, पेठेत राहा."

त्यांनी दुसऱ्या हाताने दुर्बीण लावली. बॅटरी हळूहळू खाली आली. दुर्बीण त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, "बघा. कोण आहे तो?"

मी पाहिलं. अक्का खुर्चीत बसली होती, मांडीवर तबक. तिच्यापुढे सतीश गुडघ्यांवर बसला होता आणि दोन्ही तळव्यांचा आडोसा ज्योतीला धरून होता. अक्का तबक फिरवेल तसे त्याचे हात तबकाबरोबर फिरत होते. ज्योत आता विझत नव्हती.

"सतीश आहे," मी म्हटलं.

"त्याला म्हणावं हात भाजेल," मामा म्हणाले. "लहानपणापासून धांदरट आहे." आणि बॅटरी पुन्हा उंच धरली. मी चंद्राकडे बघत राहिलो.

फोन वाजला. मामांनी सवयीने स्पीकर लावला.

"दिसलास रे, बाळ," अक्का म्हणाली. "टोपी सरळ कर."

एवढ्या लांबून तिला टोपी दिसणं शक्य नव्हतं. मामांनी ती सरळ केली.

"ओवाळलं मी. चंद्राला आणि तुलाही. आता ओवाळणी टाक."

"कुठे?"

"तबकात, कुठे म्हणजे? भावाने काही टाकल्याशिवाय तबक खाली ठेवायचं नसतं." असा काही शास्त्राधार आहे की नाही, मला ठाऊक नाही. मामांनाही नसावा.

"उद्या पाठवतो. यांच्याबरोबर."

"उद्यापर्यंत मी तबक धरून बसू? माझा हात भरून आलाय."

"मग ठेव खाली."

"ठेवणार नाही."

"अक्का, हट्ट करू नकोस. मला तिथे येता येणार नाही."

मग अक्का अगदी शांतपणे म्हणाली, "कोण म्हणतो?"

मामांनी फोन बंद केला. बॅटरी बंद केली. मला तेव्हा समजलं की हा प्रश्न त्यांचा नव्हताच. तो त्यांनी तिच्याकडूनच घेतला होता, आणि आज तिने तो परत मागितला होता.

लिफ्टने उतरताना मामा दाराकडे तोंड करून उभे होते. न वळता म्हणाले, "तुम्ही गेला होतात ना सतीशकडे, अक्काला बघायला?"

"गेलो होतो."

"हल्लीच्या फ्लॅटना उंबरा असतो का हो?"

सतीशच्या फ्लॅटला उंबरा आहे. चांगला संगमरवरी, बोटभर उंच. त्याच्यावर अडखळून मी पडता पडता वाचलो होतो. मी म्हटलं, "छे. नुसती फरशी. सरळ सपाट."

"मग प्रश्नच मिटला," मामा म्हणाले.

खाली रखवालदार बाई शिट्टी तोंडात धरून पहिल्याच पायरीवर बसल्या होत्या. "झालं का ओवाळून?" त्यांनी विचारलं. मामांनी त्यांना वाकून नमस्कार केला. आम्ही रिक्षा केली.

सातव्या मजल्यावर दार उघडंच होतं. समोर अक्का खुर्चीत, तबक अजून हातात. दारात उंबरा होता आणि त्याच्यावर रांगोळीची पावलं काढलेली होती. मामांनी उंबऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"नंतर बसवला असेल," मी म्हटलं.

मामा उभे राहिले. अक्काने भरून आलेल्या हातांनी तबक पुढे केलं, तेवढंच काय ते मामांना बघवलं नसावं. त्यांनी चपला काढल्या, रांगोळी मोडणार नाही असा पाय उचलला आणि आत टाकला. मग दुसरा.

सतीश पुढे येऊन पाया पडला. म्हणाला, "मामा, बसा ना. चहा टाकतो."

"टाकू नकोस," मामा म्हणाले. "आणलाय."

पिशवीतून थर्मास काढून त्यांनी तो अक्काच्या तबकात ठेवला. मी इतके दिवस तो चहा पीत होतो आणि ते शिकणं कोणासाठी चाललंय हे मला त्या क्षणी कळलं. सतीशने कप आणले. अक्का तबक मांडीवर घेऊन एक घोट प्यायली, कप संपवला आणि पुन्हा पुढे केला. सतीश उभ्यानेच प्यायला. कपात बघत राहिला.

मामांनी या खेपेस कोणालाही काही विचारलं नाही. ते उगाचच बॅटरीचं बटण चालू-बंद करत होते.

"मामा," सतीश म्हणाला, "येतो की तुम्हाला चहा."

मामांनी टोपी काढून तोंडावरून फिरवली. "अक्का," ते म्हणाले, "तुझ्या निरांजनाचा धूर फार आहे."

निरांजन केव्हाच विझलं होतं. अक्काने तबक खाली ठेवलं आणि म्हणाली, "असेल. जेवायला बस."